नेपल्सच्या देवीची ओटी

कंपनीचं पत्र आलं त्या दिवसापासून मला सुखाचा घास गेला नाही. आता कोणी म्हणेल, फुकटात इटलीपर्यंत जाऊन यायचं पत्र, आणि या माणसाला घास जात नाही म्हणजे काय! म्हणणाऱ्याचं काय जातं? त्याला आमची ही ठाऊक नाही, आणि नेपल्सची देवीही ठाऊक नाही.

पत्र दत्तात्रेय मास्तरांनी वाचून दाखवलं. मी मराठी चौथी पास आहे, पण पत्र इंग्रजीत होतं. लढाईच्या काळात ज्यांनी कंपनीच्या बोटींवर काम केलं आणि ज्यांची नोकरी वीस वर्षांच्या वर झाली, अशांना कंपनीने एक पास द्यायचं ठरवलं होतं. नवरा-बायकोला, एकदाच, मुंबईहून जेनोवापर्यंत आणि परत. सगळ्यात खालच्या वर्गातून, पण जेवणखाण बोटीवरचं. मास्तरांनी शाळेतला नकाशा आणून आमच्या अंगणात पसरला आणि छडीने दाखवू लागले. मुंबई, एडन, सुएझचा कालवा, पोर्ट सैद, मग ग्रीस देशातलं पिरियस, मग इटलीतलं नेपल्स, मग जेनोवा.

नेपल्सवर छडी टेकली तशी आवडाने, म्हणजे आमच्या हिने, नकाशाला हात जोडले.

"बलावलंस गं माझे आई," ती म्हणाली. "शेवटाला बलावलंस."

मी नकाशा गुंडाळायला घेतला.

आता हे सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं. मी बोटीवर आगवाला होतो. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारणारा. बोट दर्यात असली की आम्ही खाली भट्टीपुढे, आणि बोट बंदराला लागली की भट्टी विझवून आम्ही आत शिरून बॉयलर साफ करणार. वरची माणसं धुतलेले कपडे घालून गावात हिंडायची, आणि आम्ही काजळी खरवडत बसायचो. कधी तासा-दोन तासांची सुटी मिळालीच, तर धक्क्यापासून फाटकापर्यंत जायचं, पाव घ्यायचा आणि परत यायचं. चोवीस वर्षांत मी जगातली सतरा बंदरं केली, असं दिवेआगरात सगळे म्हणतात. मी सतरा धक्के केले, हे मला एकट्यालाच ठाऊक.

लग्नानंतर पहिल्याच खेपेला नेपल्सला होतो. आवडाने मास्तरांकडून लिहून घेतलेलं पत्र आलं. त्यात विचारलं होतं, "तिथे बंदरावर देव कुठला?" आता आमच्याकडे देवाशिवाय बंदर कुणी पाहिलंय? प्रत्येक खाडीच्या तोंडाशी कुणीतरी बसलेलं असतंच. देव नाही म्हणून लिहिलं असतं, तर तिला रात्रीची झोप लागली नसती. आणि बघितला नाही, आम्हाला आभाळसुद्धा दिसत नाही, असं लिहायची मला लाज वाटली. नवी बायको, नवी नोकरी. मी लिहून टाकलं, "बंदराच्या वर टेकडीवर देवी आहे. खलाशांची पाठराखीण. बेचाळीस पायऱ्या चढून जावं लागतं." बेचाळीस का, ते विचारू नका. लिहिताना सुचलं.

मग दर खेपेला ती देवीची चौकशी करणार आणि मी देवीला थोडी थोडी वाढवणार. तिच्या देवळाला पांढरा कळस केला, दाराशी लिंबाचं झाड लावलं, आणि बाहेर फुलं विकणारी एक म्हातारी बसवली. लढाईत तर देवी कामालाच आली. पत्रात बंदराचं नाव लिहायची बंदी होती, साहेब लोक काळी शाई फासायचे. मी लिहायचो, "देवीपाशी सुखरूप आहे." शाई फासणाऱ्याला काय कळणार? इथे आवडाला बरोबर कळायचं, बोट नेपल्सला आहे.

लढाईच्या ऐन दिवसांत तिने त्या देवीला नवस बोलला. माझा माणूस जिता परत येऊ दे, मी स्वतः येऊन तुझी ओटी भरीन. मी परत आलो. आणि ओटी सोळा वर्षं राहिली.

राहिली म्हणजे काय राहिली! घरात काही वाकडं झालं की त्याचं कारण तेच. म्हैस गाभडली, नवस. वादळात पोफळी पडल्या, नवस. आमची लेक तुळशी म्हसळ्याला दिली, तिची दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हापासून तर ही मनातून पारच खचली. आता तुळशीला पुन्हा दिवस गेले होते. चैत्रात मोकळी व्हायची होती. आणि बोट फेब्रुवारीच्या अठरा तारखेला. आवडाने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "तिला कळतंय बघा सगळं. बराबर येळेला धाडलंय पत्र."

तिथून तिची तयारी सुरू झाली आणि माझी येरझार.

मास्तरांचा नकाशा शाळेत परत गेला, तशी तिने सारवलेल्या ओटीवर सुपाऱ्या मांडल्या. एक सुपारी एक बंदर. मुंबईची मोठी, नेपल्सची त्याहून मोठी. तांदळाचा एक दाणा म्हणजे आमची बोट. रोज सकाळी केर काढला की ती दाणा एका सुपारीकडून दुसरीकडे नेणार आणि मला विचारणार, "पिरियसला किती दीस थांबती? तिथल्या त्या खांबांच्या देवळात देव न्हाय म्हनता, तर मग नमस्कार करायचा का न्हाय?" ते खांबांचं देऊळ खरंच आहे. बोटीच्या कठड्यावरून लांब डोंगरावर मी एकदा पाहिलं होतं. माझ्या सगळ्या पत्रांत तेवढंच एक खरं होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

नारळ कुठल्या माडाचा न्यायचा, यावर चार दिवस गेले. शेवटी विहिरीपाशी आहे त्या माडाचा, न सोललेला न्यायचा ठरला, म्हणजे टिकेल. मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि खण. खण ट्रंकेत होता. हिरवा, नाकाजवळ नेला तर डांबरगोळ्यांचा वास येणारा. लढाईत देवीला कुठला रंग आवडतो म्हणून तिने विचारलं होतं आणि मी कळवलं होतं, हिरवा. त्या खणाकडे मी कधी नीट बघत नसे. का, ते पुढे येईलच.

आणि पायऱ्या! गुडघे धरलेली बाई, बेचाळीस पायऱ्या कशा चढणार? आमच्या गावच्या देवळाला सात पायऱ्या आहेत. आवडा रोज सकाळी जाऊन त्या सहा वेळा चढायची आणि सहा वेळा उतरायची. येणारे-जाणारे बघायचे. गुरव मला म्हणाला, "येसाजी, वैनी काय करतात ह्या?" मी म्हणालो, "इटलीला चालल्या." तो हसला. मला हसू आलं नाही.

बेत मोडायला मी काय कमी खटपट केली? पासपोर्टचा फॉर्म कोनाड्यात मडक्याखाली दडवून ठेवला, तर तिने तो शोधून स्वतःच मास्तरांकडे पोचवला. श्रीवर्धनला फोटो काढायचा, तर फोटोवाला म्हणाला डोक्यावरचा पदर काढा. मला वाटलं, आता ही उठते. ही बसली तशीच, पदर काढून, एखाद्या फौजदारासारखी कॅमेऱ्याकडे बघत. मग सुया टोचून घ्यायच्या होत्या. सुईचं नाव काढलं की पळणारी बाई, तिने दंड पुढे केला आणि मलाच म्हणाली, "तुमी का पांढरे पडलाव?" शेवटी मी म्हटलं, देवाचा कौल घेऊ. आमच्या ग्रामदेवाला फुलं चिकटवून कौल लावतात, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मी मनात म्हटलं, देवा, तुला तरी खरं ठाऊक आहे, डावं टाक. उजवं फूल असं पटकन पडलं, जसं काही वाटच बघत होतं. देवाचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

मी वाडीतून समुद्रावर जायचो, समुद्रावरून वाडीत. जेवायला बसायचो आणि उठायचो. बोट मुंबईहून सुटेल, एडन होईल, कालवा होईल, आणि बारा-तेरा दिवसांनी ही बाई नारळ घेऊन नेपल्सच्या धक्क्यावर उभी राहील आणि म्हणेल, चला. कुठे नेऊ? वाटेत एखादी टेकडी दाखवून वेळ मारून नेता येईल, असंही मनात आलं. परदेशात कुठल्याही दारात तिला उभी केली असती तरी तिने ओटी भरली असती. तिला कुठे कळणार होतं? पण मला कळलं असतं. आणि माझ्या मनातली खरी अडचण देवी नव्हतीच. ती सगुणा घेऊन आली.

सगुणा म्हणजे हिरामणची बायको, वेळासची. हिरामण आणि मी एकाच बोटीवर आगवाले. तो नेपल्सलाच गेला, त्रेचाळीसच्या थंडीत, बोटीवर बाँब पडला तेव्हा. आम्हाला निघायला पाच दिवस राहिले असताना भर दुपारी सगुणा चालत आमच्या दारात आली. हातात न सोललेला नारळ.

"दादा, बाजारातला न्हाय, माज्या दारचा हाय," ती म्हणाली. "त्यांनीच लावलेला माड. अवंदा पयल्यांदा भरभरून लागलाय."

आवडाने तिला पाट दिला, गूळपाणी दिलं. सगुणा पाटावर टेकली नाही, उंबऱ्याशीच बसली.

"तुमीच लिवलं व्हतं तवा, देवीच्या पायाशी गेला म्हनून. त्या एका वाक्यावर मी दीस काढले, दादा. निदान कुनाच्या तरी पायाशी गेला. तर देवीला म्हनावं, सगुणाचा मानूस तुज्याकडं हाय, त्याला संभाळ. मी कवा येनार तिकडं?"

तिने नारळ माझ्या हातात दिला. बोटीवर मी मणामणाची फावडी मारली आहेत, पण तो नारळ मला धरवेना. मी तो खाली ठेवला. सगुणा गेली. तिची पाठ माडांआड होईपर्यंत मी बघत होतो, आणि मग आवडाकडे न बघता बोललो.

"आवडे, नेपल्सला देवी न्हाय."

ती सुपाऱ्या सारखी करत होती. "म्हंजे? हालवली?"

"नव्हतीच. मी मनानं लिवलं."

  मग तिने विचारलं, "आनि पायऱ्या?"

"त्याबी न्हाईत."

"लिंबाचं झाड?"

"न्हाय."

तिचा हात सुपाऱ्यांवर पडला आणि जेनोवापासून एडनपर्यंत सगळी बंदरं ओटीभर पसरली. "सोळा वर्सं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "सोळा वर्सं मी रोज सांजच्याला दिवा लावून तिच्या पाया पडते! पोरीला सांगते, नेपल्सची आई बघंल तुज्याकडं! तुमाला एकदाबी वाटलं न्हाय सांगावं? एकदा? माज्या तोंडाकडं बघून हसत व्हता व्हय मनात?"

"हसलो न्हाय."

"देवी न्हाय तर मंग मला पावलं कोन? तुमाला परत कुनी आनलं?"

हे मात्र मला सांगायलाच हवं होतं. सोळा वर्षं छातीत धरून ठेवलेलं. मी सांगितलं.

त्या दिवशी बोट नेपल्सला होती. बॉयलर थंड करून आत शिरायची पाळी माझी होती. तेवढ्यात कंपनीच्या थैलीतून आवडाचं पत्र आलं. नवस बोलले आहे, खण आतापासून घेऊन ठेवते, देवीला कुठला रंग तो बघून लिहा. बघून लिहा, असं होतं. एवढ्या वर्षांत मी तिला एवढं फसवलं होतं, की त्या दिवशी मला वाटलं, निदान रंग तरी बघून लिहावा. वर जाऊन गावाकडे बघावं, जो पहिला रंग दिसेल तो लिहावा. म्हणजे तेवढं तरी खरं होईल. हिरामणची पाळी संपली होती, तो हात धूत होता. मी त्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "जा की. मी शिरतो तुज्या जागी. वैनीला लिव नीट." आणि परत आत शिरला.

मी वर गेलो. दिवे लागायची वेळ होती, पण लढाईमुळे दिवे नव्हते. टेकडीवर घरं, निम्मी पडलेली. दोन घरांच्या मधे दोरीवर काहीतरी वाळत होतं, चादर असेल. हिरवी. मी मनात म्हटलं, हिरवा. तेवढ्यात विमानं आली. मी कठड्यावरून पाण्यात फेकला गेलो. खाली असलेल्या चार जणांपैकी एकही वर आला नाही. हिरामण तर भट्टीच्या आतच होता.

"मग मी तुला लिवलं, हिरवा," मी म्हणालो. "आनि सगुणाला लिवलं, देवीच्या पायाशी गेला."

आवडा ओरडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, कपाळ बडवेल, निदान मला चार शब्द बोलेल. ती पसरलेल्या सुपाऱ्या एक एक करून ओच्यात गोळा करत बसली. सगळ्या गोळा झाल्यावर म्हणाली, "रंग मी इचारला."

"तुझा काय दोस त्यात?"

"मी इचारला म्हनून तुमी वर गेलाव. मी इचारला म्हनून तो आत गेला." तिने सगुणाचा नारळ ओढून मांडीवर घेतला. "हा नारळ तिच्याकडनं असा फसवून न्हेता येनार न्हाय आपल्याला. आदी तिला सांगाया पायजे."

"काय सांगू तिला? तुज्या नवऱ्याच्या जागी मी मरायचा व्हतो, म्हनून?"

"व्हय. तेच."

"आवडे, ती बाई एका वाक्यावर जगलीय. आत्ताच बोलली ती, ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हनूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्राच्या कडेने वेळासला निघालो. ती पुढे, मी मागे. ओहोटी होती. वाटेत तिने माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही, पण मी रेंगाळलो की ती उभी राहायची. नारळ तिच्याकडे होता आणि कमरेला खणाची पिशवी होती. ती पिशवी तिने का आणली, ते मी विचारलं नाही.  

सगुणा अंगणात शेणी थापत होती. हात धुऊन आली. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगितलंच गेलं नसतं. देवीचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, पाळीचं सांगितलं. "माज्या जागी गेला, सगुणाबाई. मी खोटं लिवलं तुला."

तिच्या अंगणात कोंबड्या हिंडत होत्या. एक ओल्या शेणीवर चढली, तिला तिने हुसकून लावलं. मला वाटत होतं, तिने शेणाचा गोळा तोंडावर मारावा आणि मोकळं करावं.

"शेवटाला काय बोल्ला?" तिने विचारलं.

"वैनीला नीट लिव, म्हनाला. हसत व्हता."

"हसला?"

"व्हय. हे खरं हाय. ह्याच्यात माजं काय न्हाय."

तिने पदराने डोळे पुसले. रडली म्हणावं तर तेवढंच. "देवी न्हाय तर ऱ्हाऊं दे," ती म्हणाली. "तो गेला ती जागा तरी खरी हाय का? का तीबी तुमी लिवलेली?"

"खरी हाय."

"ठावकी हाय तुमाला?"

मी खाली बसलो आणि तिच्या सारवलेल्या अंगणात बोटाने रेघा काढल्या. हा धक्का. हा बाहेरचा दगडी बांध, लाटा अडवायला. या धक्क्याला दोन मोठ्या क्रेन, दुसरीच्या पुढे वीस पावलांवर बोटीचा दोर बांधायचा लोखंडी खुंटा, वरचा तुकडा उडालेला. त्या खुंट्याच्या समोर बोट होती. तिथेच बुडाली.  नेपल्समधल्या टेकड्या, देवळं, रस्ते, बाजार, मी काही काही पाहिलेलं नव्हतं. ही एवढी जागा मात्र मला डोळे मिटून दाखवता आली असती.

सगुणा त्या रेघांवर वाकली. आवडाच्या हातातून तिने नारळ घेतला आणि खुंट्याच्या समोर, मी पाणी म्हणून दाखवलं होतं तिथे ठेवला.

"हितं सोडा," ती म्हणाली. "माजं नाव घ्या सोडताना."

आवडाने कमरेची पिशवी सोडली. हिरवा खण काढला, घडी मोडली आणि सगुणाच्या नारळाला नीट गुंडाळून गाठ मारली. मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि काल दुपारपासून पहिल्यांदाच माझ्या डोळ्याला डोळा भिडवून तिने विचारलं, "पान्याशी उतराया तिथं पायऱ्या हायत का?"

"हायत."

"किती?"

"अकरा," मी म्हणालो. "त्या दिवशी पान्यातनं वर येताना मोजल्या व्हत्या."